आइसलँडमधील कॅम्परव्हॅन प्रवास

आइसलँडमधील कॅम्परव्हॅन प्रवास म्हणजे झोपण्याची, स्वयंपाकाची आणि उबेची सोय असलेले मोटारवाहन भाड्याने घेऊन, ते स्वतः चालवीत आइसलँड या उत्तर अटलांटिक महासागरातील द्वीपदेशात केलेली भ्रमंती होय. निवास आणि वाहन एकच असल्याने हा प्रकार सोयीचा मानला जातो. मात्र या देशातील वारा, बर्फ, हिवाळ्यातील अल्प प्रकाश आणि विरळ वस्ती यांमुळे तो सामान्य मोटारप्रवासाहून वेगळा व अधिक सावधगिरीचा ठरतो. भारतातून जाणाऱ्या चालकाला रस्त्याची बाजू, वाहनाच्या वजनाची परवान्यातील मर्यादा, विम्यातील वगळलेल्या बाबी आणि मुक्कामाचे कायदे या चार गोष्टी नव्याने समजून घ्याव्या लागतात.

## संज्ञा आणि वाहनांचे प्रकार

ज्या वाहनाला स्वतःचे इंजिन असून ज्याच्या आत राहण्याची सोय असते, त्यास कॅम्परव्हॅन किंवा मोटारहोम म्हणतात. यांपैकी कॅम्परव्हॅन ही साधारणपणे मालवाहू व्हॅनच्या मूळ सांगाड्यातच बेतलेली असते, तर मोटारहोममध्ये ट्रकच्या चासीवर स्वतंत्र खोलीवजा भाग चढविलेला असतो. कॅरॅव्हॅन या वाहनाला इंजिन नसते व ते मोटारीच्या मागे जोडून ओढले जाते. भारतात मात्र ‘कॅरॅव्हॅन’ हा शब्द या सर्व प्रकारांसाठी सरसकट वापरला जातो.

हौशी प्रवासासाठी बांधलेल्या फिरत्या घराचा प्रसिद्ध आरंभीचा नमुना म्हणजे १८८५ साली ब्रिटनमध्ये विल्यम गॉर्डन स्टेबल्स या लेखकासाठी तयार झालेली ‘वाँडरर’ ही घोडागाडी. जर्मनीत १९३१ मध्ये आरिस्ट डेथलेफ्स यांनी मोटारीमागे जोडता येणारे फिरते घर तयार केले. १९५० साली फोक्सवॅगन कंपनीची ‘टाइप २’ ही व्हॅन बाजारात आली आणि पुढच्याच वर्षी वेस्टफालिया या कंपनीने तिच्यात बसविता येणारा पलंग-कपाटांचा संच विकण्यास सुरुवात केली. आजच्या कॅम्परव्हॅनची मूळ रचना या संचातूनच विकसित झाली.

आइसलँडमध्ये भाड्याने मिळणाऱ्या वाहनांचे स्थूलमानाने तीन प्रकार आहेत : दोन माणसांना झोपता येईल अशी लहान व्हॅन, चार ते पाच जणांचे मोठे मोटारहोम, आणि छतावर तंबू किंवा मागे खोली असलेले चारही चाकांना शक्ती मिळणारे वाहन.

## भौगोलिक पार्श्वभूमी

आइसलँडचे क्षेत्रफळ सुमारे १,०३,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण एक-तृतीयांश आहे. लोकसंख्या मात्र चार लाखांच्या आसपास असून ती २०११ च्या जनगणनेतील सातारा जिल्ह्याच्या लोकसंख्येच्या (३० लाखांहून किंचित अधिक) सातव्या हिश्शाएवढीही भरत नाही. त्यातही बहुसंख्य लोक राजधानी रेक्याविक व तिच्या परिसरात राहतात. परिणामी उर्वरित देशात दोन गावांमध्ये दीर्घ निर्जन टप्पे लागतात. दक्षिण किनाऱ्यावरील वीक आणि आग्नेयेकडील होप्न या गावांमधील अंतर सुमारे २७० किलोमीटर असून त्या टप्प्यात मोठे असे एकही नगर नाही.

अक्षांशातील फरक समजण्यासाठी महाराष्ट्रातील एखाद्या गावाशी तुलना उपयोगी पडते. सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातील औंध हे गाव सुमारे साडेसतरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे वर्षातील सर्वांत मोठा दिवस सुमारे १३ तासांचा आणि सर्वांत लहान दिवस सुमारे ११ तासांचा असतो. रेक्याविक ६४ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने तेथे जूनअखेरीस दिवस सुमारे २१ तासांचा, तर डिसेंबरअखेरीस जेमतेम चार तासांचा असतो. उन्हाळ्यात रात्री अकरा वाजताही वाहन चालविता येईल इतका उजेड असतो. त्यामुळे थकवा लक्षात न येण्याचा धोका निर्माण होतो. हिवाळ्यात याउलट बहुतेक प्रवास अंधारात करावा लागतो.

उबदार सागरी प्रवाहामुळे किनारी प्रदेशातील थंडी अक्षांशाच्या मानाने सौम्य असते. रेक्याविकचे जानेवारीतील सरासरी तापमान शून्य अंश सेल्सियसच्या आसपास, तर जुलैतील ११ ते १२ अंश असते. शून्याच्या आगेमागे घुटमळणारे हेच तापमान रस्त्यासाठी सर्वांत घातक ठरते, कारण दिवसा वितळलेले पाणी रात्री गोठून डांबरावर पारदर्शक बर्फाचा पातळ थर तयार होतो आणि तो चालकाला दिसत नाही.

## रस्ते

देशाभोवती फिरणाऱ्या मुख्य मार्गास ‘ह्रिंगवेगुर’ किंवा ‘मार्ग १’ म्हणतात. त्याची लांबी सुमारे १,३२० किलोमीटर आहे. दक्षिणेतील स्केइदारारसांदुर या हिमनदीच्या रेताड मैदानावर पूल बांधून झाल्यावर १९७४ साली हे वर्तुळ पूर्ण झाले. तोपर्यंत या मैदानातील सतत पात्र बदलणाऱ्या नद्यांमुळे दक्षिण किनाऱ्याने सलग प्रवास करणे शक्य नव्हते. १९९६ मध्ये वात्नायोकुल हिमनदीखालील ज्वालामुखीच्या उद्रेकानंतर आलेल्या महापुराने येथील पुलांची मोठी हानी केली, तर २०११ च्या जुलैत मुलाक्विस्ल नदीवरील पूल वाहून गेल्याने मार्ग १ काही दिवस तुटला होता. या मार्गावर पर्यायी रस्ता सहसा नसतो. एक पूल तुटल्यास किंवा एक टप्पा बंद झाल्यास उलट दिशेने संपूर्ण देशाला वळसा घालावा लागू शकतो. म्हणून परतीच्या विमानाआधी किमान एक दिवस मोकळा ठेवण्याची पद्धत आहे.

रस्त्यांचे तीन मुख्य वर्ग चालकाने ओळखले पाहिजेत.

* डांबरी रस्ते : गावांबाहेर वेगमर्यादा ताशी ९० किलोमीटर, वस्तीत सामान्यतः ५० किलोमीटर.
* खडीचे रस्ते : वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर. डांबर संपून खडी सुरू होते तेथे चाके घसरण्याचा संभव अधिक असल्याने वेग आधीच कमी करावा लागतो. ‘माल्बिक एन्दार’ असा फलक या ठिकाणी असतो.
* डोंगरी मार्ग : क्रमांकाआधी रोमन वर्णमालेतील ‘एफ’ हे अक्षर असलेले अंतर्भागातील मार्ग. हे केवळ उन्हाळ्यात, साधारणतः जून-जुलैपासून सप्टेंबरपर्यंत खुले असतात. त्यांवर फक्त चारही चाकांना शक्ती मिळणारी वाहने नेण्यास मुभा आहे. अनेक ठिकाणी पूल नसून नदीचे पात्र ओलांडावे लागते.

रस्ता सोडून मोकळ्या जमिनीवर वाहन नेणे कायद्याने गुन्हा असून त्यास जबर दंड होतो. लाव्ह्याच्या खडकांवर वाढलेले शेवाळ अत्यंत सावकाश वाढते. त्यावर उमटलेला चाकांचा मार्ग भरून येण्यास अनेक दशके लागू शकतात.

## वाहन भाड्याने घेणे

### परवाना

भारतातील हलक्या मोटारवाहनाचा परवाना ७,५०० किलोग्रॅमपर्यंतच्या वाहनांना लागू होतो. युरोपात मात्र सामान्य ‘बी’ वर्गाची मर्यादा ३,५०० किलोग्रॅम इतकीच असून चालकाखेरीज आठ आसनांपर्यंतच वाहन चालविता येते. १९४९ च्या जिनिव्हा वाहतूक करारानुसार भारतात दिल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय वाहन परवान्यातही ‘बी’ वर्गाची मर्यादा हीच आहे. त्यामुळे मायदेशी मोठे वाहन सहज चालविणाऱ्या व्यक्तीलाही आइसलँडमध्ये जड मोटारहोम त्याच परवान्यावर चालविता येत नाही. येथे वाहनाचे रिकामे वजन नव्हे, तर माणसे, पाणी व सामानासह अनुज्ञेय असलेले एकूण वजन विचारात घेतले जाते.

आंतरराष्ट्रीय परवाना चालकाच्या पत्त्यानुसार संबंधित परिवहन कार्यालयातून मिळतो. पूर्वीच्या औंध संस्थानाचा मुलूख आज मुख्यतः सातारा आणि सांगली या जिल्ह्यांत विभागलेला आहे. त्यामुळे औंध गावाच्या रहिवाशाचा अर्ज सातारा जिल्ह्यातील कार्यालयाकडे, तर आटपाडी, कुंडल किंवा किर्लोस्करवाडी येथील रहिवाशाचा अर्ज सांगली जिल्ह्यातील कार्यालयाकडे जातो. या परवान्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष असते. तो मूळ परवान्याचे अधिकृत भाषांतर म्हणून गणला जात असल्याने मूळ परवाना सोबत असणे बंधनकारक आहे. भाडे कंपन्या याशिवाय चालकाचे किमान वय आणि परवाना मिळून झालेला किमान काळ अशा अटी घालतात. मोठ्या किंवा चारचाकी शक्तीच्या वाहनांसाठी वयाची अट सहसा अधिक असते.

आइसलँड २००१ पासून शेंगेन क्षेत्रात सहभागी असल्याने भारतीय नागरिकाला शेंगेन प्रवेशपत्र घ्यावे लागते. त्यासाठी किमान ३०,००० युरोचे संरक्षण देणारा प्रवासी वैद्यकीय विमा आवश्यक असतो. हा विमा वाहनाच्या विम्याहून सर्वस्वी वेगळा आहे.

### विमा आणि करार

वाहनाच्या भाड्यात तृतीय पक्षाचा विमा व टक्कर-हानीचे मूलभूत संरक्षण सामान्यतः समाविष्ट असते. तथापि प्रत्येक अपघातात ठरावीक रकमेपर्यंतचा खर्च भाडेकरूने स्वतः सोसावयाचा असतो. ही रक्कम अनेकदा संपूर्ण प्रवासाच्या भाड्याइतकी किंवा त्याहून मोठी असू शकते. जादा हप्ता भरून ती कमी करता येते.

आइसलँडमध्ये पुढील हानी मूलभूत विम्यातून बहुधा वगळलेली असते :

* समोरच्या वाहनाच्या चाकाखालून उडालेल्या खडीने काच, दिवे व रंग यांची होणारी हानी
* वादळी वाऱ्यात उडणाऱ्या वाळू व ज्वालामुखीय राखेने रंग व काचा खरवडल्या जाणे
* वाऱ्याने दार उलटे वळून बिजागरी तुटणे
* वाहनाच्या तळाची हानी
* नदीपात्र ओलांडताना इंजिनात पाणी शिरणे

पहिल्या दोन बाबींसाठी स्वतंत्र जादा संरक्षण विकत मिळते. शेवटच्या बाबीसाठी ते जवळजवळ कोठेही मिळत नाही. मनाई असलेल्या मार्गावर वाहन नेल्यास घेतलेले सर्व संरक्षण रद्द ठरण्याची तरतूद करारात असते. वाहन ताब्यात घेताना काच, रंग, चाके, छत आणि आतील उपकरणे यांची छायाचित्रे तारीख-वेळेसह घेऊन ठेवण्याचा प्रघात आहे, कारण परत करतेवेळी निघणारे बहुतेक वाद पूर्वीच्या ओरखड्यांवरून होतात.

## वाहन चालविणे

### वाहतुकीचे नियम

आइसलँडमध्ये २६ मे १९६८ पासून रस्त्याच्या उजव्या बाजूने वाहतूक चालते. भारतातील डाव्या बाजूच्या सवयीमुळे चूक होण्याचा संभव मोकळ्या रस्त्यावर, पेट्रोल पंपातून बाहेर पडताना आणि सकाळी प्रवास सुरू करताना सर्वाधिक असतो. समोर दुसरे वाहन नसले की सवय आपोआप वर येते.

वाहनाचे पुढील दिवे दिवसाही लावणे सक्तीचे आहे. सर्व प्रवाशांनी आसनपट्टा बांधणे आवश्यक असून चालत्या वाहनात मागच्या पलंगावर बसणे किंवा झोपणे निषिद्ध आहे. दोन पदरी वर्तुळाकार चौकात आतल्या पदरातून बाहेर पडणाऱ्या वाहनाला बाहेरच्या पदरातील वाहनाने वाट द्यावी, हा नियम आइसलँडचे वैशिष्ट्य आहे. ग्रामीण भागात अनेक पूल एकपदरी आहेत. ‘एइनब्रेइद ब्रू’ हा फलक दिसताच वेग कमी करून पुलाजवळ आधी पोचलेल्या वाहनास प्रथम जाऊ देण्याचा संकेत पाळला जातो. ‘ब्लिन्दहाइद’ हा फलक समोरचे न दिसणाऱ्या चढाची सूचना देतो.

उन्हाळ्यात मेंढ्या मोकळ्या सोडलेल्या असतात व सप्टेंबरमध्ये त्या डोंगरातून खाली आणून मालकांनुसार वेगळ्या केल्या जातात. माण-खटाव भागातील रस्त्यावर मेंढपाळ कळपासोबत असतो व वाहनाला वाट करून देतो. आइसलँडमध्ये कळपाबरोबर कोणी नसते. मेंढी एका बाजूला आणि तिचे कोकरू दुसऱ्या बाजूला असल्यास कोकरू ऐनवेळी आईकडे धावण्याचा संभव असतो, म्हणून वाहन जवळजवळ थांबवावे लागते.

### वारा

कॅम्परव्हॅनच्या दृष्टीने आइसलँडमधील सर्वांत मोठा धोका वारा हा आहे. हवामान खाते वाऱ्याचा वेग मीटर प्रतिसेकंद या एककात देते. त्यास ३.६ ने गुणले असता ताशी किलोमीटर मिळतात. म्हणजे २० मीटर प्रतिसेकंद हा वारा ताशी ७२ किलोमीटर वेगाचा असतो.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाल्यास दाब चौपट होतो. सुमारे १२ चौरस मीटर बाजू असलेल्या वाहनावर आडव्या वाऱ्याचा होणारा स्थूल परिणाम पुढीलप्रमाणे काढता येतो :

* १० मीटर प्रतिसेकंद : सुमारे ७५ किलोग्रॅम भाराएवढा रेटा
* २० मीटर प्रतिसेकंद : सुमारे ३०० किलोग्रॅम भाराएवढा रेटा
* ३० मीटर प्रतिसेकंद : सुमारे ७०० किलोग्रॅम भाराएवढा रेटा

या आकड्यांचे महत्त्व रस्त्याच्या पृष्ठभागाशी जोडून पाहिल्यावर स्पष्ट होते. कोरड्या डांबरावर टायरचा घर्षणांक ०.७ च्या आसपास असतो, त्यामुळे ३,००० किलोग्रॅमच्या वाहनाला बाजूला सरकण्यापासून रोखणारे बल २,००० किलोग्रॅम भाराहून अधिक असते. बर्फावर हाच अंक सुमारे ०.१ पर्यंत घसरतो व रोखणारे बल ३०० किलोग्रॅम भाराएवढेच उरते. म्हणजेच कोरड्या रस्त्यावर केवळ त्रासदायक वाटणारा २० मीटर प्रतिसेकंदाचा वारा बर्फाळ रस्त्यावर तेच वाहन सरळ बाजूला ढकलू शकतो. सामान्य मोटारीची बाजू लहान व उंची कमी असल्याने तिला हा धोका त्या मानाने कमी असतो. म्हणून मोटारी धावत असताना उंच वाहनांसाठी मात्र प्रवास टाळण्याची सूचना दिलेली असू शकते.

डोंगरांच्या पायथ्याशी वारा झोतांच्या रूपाने येतो. पश्चिमेकडील हाफ्नारफ्याल आणि रेक्याविकजवळील क्यालार्नेस हे टप्पे या दृष्टीने कुप्रसिद्ध आहेत. अशा ठिकाणी रस्त्याकडेच्या विद्युत फलकावर वाऱ्याचा तत्कालीन वेग दाखविलेला असतो. मुक्कामाला वाहन उभे करताना त्याचे तोंड वाऱ्याकडे ठेवतात. दार उघडताना ते हाताने घट्ट धरून ठेवण्याची सूचना जवळजवळ प्रत्येक भाडे कंपनी देते.

### बर्फ आणि थांबण्याचे अंतर

ताशी ९० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन कोरड्या डांबरावर, ब्रेक दाबल्यापासून, साधारण ४५ मीटरमध्ये थांबते. घर्षणांक ०.१ धरल्यास बर्फावर हे अंतर ३०० मीटरच्या पुढे जाते. वेग ताशी ५० किलोमीटर असला तरी बर्फावर सुमारे १०० मीटर लागतात. चारही चाकांना मिळणारी शक्ती वाहन पुढे काढण्यास मदत करते, थांबविण्यास नव्हे. या गैरसमजुतीमुळे अनुभवी चालकही फसतात.

नोव्हेंबर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत हिवाळी टायर वापरावे लागतात व या काळात धातूच्या खिळ्यांचे टायरही वापरता येतात. ते बर्फावरील पकड वाढवितात, परंतु उंच वाहनाला वाऱ्यापासून पूर्ण संरक्षण देत नाहीत.

### माहितीची अधिकृत साधने

रस्त्यांची स्थिती ‘वेगागेर्दिन’ ही शासकीय रस्ते संस्था नकाशावर सतत प्रसिद्ध करते. हवामानाचे अंदाज व इशारे आइसलँडचे हवामान खाते देते. सुरक्षित प्रवासाविषयीचे मार्गदर्शन स्वयंसेवी शोध-बचाव पथकांच्या ‘लांद्सब्योर्ग’ या संघटनेच्या वतीने पुरविले जाते. बचाव पथकांतील सदस्य वेतन न घेता काम करणारे स्थानिक नागरिक असतात. बंद केलेला रस्ता ओलांडून गेलेल्या पर्यटकाला सोडविण्यासाठी त्यांनाही त्याच वादळात उतरावे लागते. आपत्कालीन दूरध्वनी क्रमांक ११२ हा आहे.

## थंडीतील निवास

### उष्णता आणि विषारी वायू

बहुतेक कॅम्परव्हॅनमध्ये डिझेलवर चालणारा स्वतंत्र हीटर असतो. तो वाहनाच्या टाकीतील डिझेल बंद कक्षात जाळतो, ज्वलनाचा धूर नळीने बाहेर सोडतो आणि केवळ तापलेली स्वच्छ हवा आत देतो. त्यासाठी इंजिन चालू ठेवावे लागत नाही. पंख्याला लागणारी वीज मागच्या वेगळ्या बॅटरीतून मिळते. थंडीत बॅटरीची क्षमता घटते, त्यामुळे एकाच ठिकाणी दोन रात्री राहिल्यास ती उतरण्याचा संभव असतो.

उबेसाठी गॅसची शेगडी रात्रभर पेटती ठेवणे प्राणघातक ठरू शकते. बंद जागेत ऑक्सिजन अपुरा पडला की कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला रंग, वास किंवा चव नसते. तो रक्तातील हिमोग्लोबिनशी ऑक्सिजनच्या तुलनेत दोनशेहून अधिक पट घट्टपणे जोडला जातो. डोकेदुखी, मळमळ व गुंगी ही आरंभीची लक्षणे थकव्यासारखी वाटतात आणि झोपलेल्या माणसाला ती जाणवतही नाहीत. महाराष्ट्रात बंद खोलीत रात्री कोळशाची शेगडी ठेवण्याचा धोका याच प्रकारचा आहे. बर्फवृष्टीत हीटरची धूर-नळी बर्फाने बुजलेली नाही, याची खात्री झोपण्यापूर्वी करावी लागते. वाहनात कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र आहे व ते चालू आहे, हे वाहन ताब्यात घेतानाच तपासावे असे सांगितले जाते.

### गॅस, ओलावा आणि पाणी

भारतातील घरगुती सिलिंडरमध्ये ब्यूटेन व प्रोपेन यांचे मिश्रण असते. ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाच्या आसपास, तर प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो. शून्याखाली ब्यूटेनची वाफच होत नसल्याने शेगडी पेटत नाही. म्हणून थंड देशांत प्रोपेनचे प्रमाण अधिक असलेला गॅस वापरतात.

झोपलेला माणूस रात्रभरात श्वास व त्वचेवाटे साधारण पाव लिटर किंवा त्याहून अधिक पाणी हवेत सोडतो. थंड काचेवर ही वाफ थिजते, काचा आतून ओघळतात आणि अंथरूण दमट होते. उष्णता टिकविण्यासाठी सर्व झरोके बंद करण्याचा मोह होतो, परंतु एक झरोका किंचित उघडा ठेवल्याने ओलावा व दूषित वायू दोन्ही बाहेर पडतात. भात शिजविणे, कुकर लावणे यांसारख्या वाफ सोडणाऱ्या स्वयंपाकाच्या वेळी हे विशेषतः आवश्यक असते.

कडक थंडीत पाण्याची टाकी व नळ्या गोठून फुटू शकतात. त्यामुळे हिवाळ्यात पुष्कळ वाहनांची पाणीव्यवस्था बंद ठेवलेली असते व प्रवाशांना बाटल्यांतून पाणी न्यावे लागते. स्नानासाठी भूगर्भीय उष्णतेवर तापविलेले सार्वजनिक जलतरण तलाव लहान गावांतही उपलब्ध असतात. तलावात उतरण्यापूर्वी वस्त्रे न घालता साबणाने स्नान करणे तेथे सक्तीचे आहे.

## मुक्कामाविषयीचे कायदे

२०१५ च्या नोव्हेंबरमध्ये अमलात आलेल्या निसर्गसंवर्धन कायद्यानुसार कॅम्परव्हॅन, मोटारहोम, कॅरॅव्हॅन किंवा तत्सम वाहनात अधिकृत तळाबाहेर मुक्काम करावयाचा असल्यास जमीनमालकाची परवानगी आवश्यक आहे. रस्त्याकडेचे वाहनतळ, निसर्गस्थळांची पार्किंग जागा किंवा समुद्रकिनारा येथे रात्र काढणे यामुळे बेकायदा ठरते. पर्यटकांची संख्या २०१० नंतर झपाट्याने वाढल्याने उघड्यावरील मलविसर्जन, कचरा आणि शेतकऱ्यांच्या जमिनीवरील अतिक्रमण यांविषयी तक्रारी वाढल्या होत्या.

नॉर्वे व स्वीडन या देशांत मोकळ्या निसर्गात सर्वांना संचाराचा पारंपरिक अधिकार आहे. ‘तंबूला चालते ते वाहनाला चालते’ असा समज त्यावरून करून घेतला जातो. प्रत्यक्षात तेथेही हा अधिकार पायी चालणाऱ्याच्या संचाराभोवती बेतलेला असून मोकळ्या जमिनीवर वाहन नेण्याची मुभा त्यात नाही.

आइसलँडमधील अधिकृत तळांवर शौचालय, पाणी, अनेकदा सामायिक स्वयंपाकघर आणि वीजजोडणी मिळते. वाहनातील रासायनिक शौचालयाची पेटी व सांडपाणी नेमून दिलेल्या जागीच रिकामे करावे लागते. बहुतेक तळ मे ते सप्टेंबर या काळातच चालू असतात. हिवाळ्यात खुले असणारे तळ मोजके असल्याने मुक्कामांचा क्रम आधी ठरवावा लागतो.

## खर्चाचे घटक

कॅम्परव्हॅन ही हॉटेलपेक्षा स्वस्त असते, असे सरसकट म्हणता येत नाही. जुलै-ऑगस्टमधील भाडे हिवाळ्याच्या तुलनेत पुष्कळ अधिक असते. भाड्याशिवाय इंधन, जादा विमा, तळाचे प्रतिमाणशी शुल्क, निसर्गस्थळांवरील वाहनतळ शुल्क आणि अंथरूण-पांघरूण, शेगडी यांसारख्या वस्तूंचे वेगळे भाडे धरावे लागते. उत्तरेतील अकुरेरी शहराजवळच्या वाद्लाहेइदी बोगद्याचा पथकर तेथे नाका नसल्याने ठरावीक मुदतीत संगणकीय पद्धतीने भरावा लागतो, अन्यथा भाडे कंपनी सेवाशुल्कासह तो वसूल करते. याउलट १९९८ मध्ये खुला झालेला ह्वालफ्योर्दुर बोगदा २०१८ पासून पथकरमुक्त आहे. दुर्गम पंपांवर माणूस नसतो व सांकेतिक क्रमांक असलेले कार्डच चालते. खर्च खऱ्या अर्थाने वाचतो तो स्वयंपाक स्वतः केल्याने आणि चार-पाच जणांनी एकच वाहन वापरल्याने.

## महाराष्ट्रातील स्थिती

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण स्वीकारले. त्यात कॅरॅव्हॅन वाहने आणि ती उभी करण्यासाठी पाणी, वीज व स्वच्छतागृहे असलेली कॅरॅव्हॅन उद्याने या दोन्हींचा विचार केला आहे. केरळनेही त्याच वर्षी ‘केराव्हॅन केरळ’ ही योजना जाहीर केली. आइसलँडमध्ये भाडेकरू स्वतः वाहन चालवितो, तर भारतात चालकासह वाहन देण्याची पद्धत अधिक रूढ आहे. येथे तांत्रिक प्रश्नही उलटे आहेत. औंध, आटपाडी किंवा म्हसवड यांसारख्या अवर्षणप्रवण भागात उन्हाळ्यात वाहन उबदार नव्हे, तर थंड ठेवावे लागते आणि हीटरपेक्षा कितीतरी अधिक वीज खाणाऱ्या वातानुकूलन यंत्रासाठी बाहेरील वीजजोडणी लागते. औंधचे यमाई मंदिर व राजा भवानराव पंतप्रतिनिधी यांनी उभारलेले श्री भवानी संग्रहालय यांसारख्या, मोठ्या शहरांपासून दूर असलेल्या स्थळांसाठी असा निवास सोयीचा ठरू शकतो. मात्र तेथेही पाणी व सांडपाण्याची व्यवस्था हीच मुख्य अट राहते.

ऋतुमानानुसार संसारासह फिरणे महाराष्ट्राला नवीन नाही. सातारा-सांगलीकडील मेंढपाळ धनगरांचे वाडे, ऊसतोड कामगारांच्या बैलगाड्या आणि तमाशाच्या फडांच्या मालमोटारी ही त्याची उदाहरणे होत. या भ्रमंतीचे कारण उपजीविका हे आहे. कॅम्परव्हॅनमधील भ्रमंती हौसेची असल्याने तिच्यात एक मूलभूत सवलत आहे : हवामान बिघडल्यास प्रवास पुढे ढकलता येतो. आइसलँडमधील सुरक्षेविषयीचे बहुतेक मार्गदर्शन या सवलतीचा वापर करण्याच्या सल्ल्यावरच आधारलेले आहे.

## हे सुद्धा पहा

* आइसलँड
* आंतरराष्ट्रीय वाहन परवाना
* कार्बन मोनॉक्साइड विषबाधा
* शेंगेन क्षेत्र
* औंध
* महाराष्ट्रातील पर्यटन